खडीला लावलेलं विरजण

फौजेनं मला एक गोष्ट अशी शिकवली की ती काही केल्या अंगातून गेली नाही. घाण दिसली की तिथल्या तिथं साफ करायची. विचार नंतर. या एका सवयीनं मी एकदा बायकोचं तीन वर्षांचं काम एका सकाळीत धुऊन टाकलं. शब्दशः धुतलं, पंप लावून.

आमचं गाव कडेगाव तालुक्यात. उसाचं गाव, त्यामुळं पाणी आहे, पण ते पाइपातलं, पाटातलं. बसून बघत राहावं असं पाणी गावात कुठंच नव्हतं. ओढा होता, पण त्यात गटारं सोडलेली. बायको वाईची, घाटावर वाढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा संध्याकाळी ती मला घाटावर घेऊन गेली, पायरीवर बसली आणि पाण्याकडं बघत राहिली. मी उभाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला कळेना, इथं करायचं काय असतं? शेवटी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "चल, उशीर होतोय." कशाला उशीर होत होता, ते मला आजही सांगता यायचं नाही. ती मुकाट्यानं उठली. तिचा चेहरा पडलेला बघून मी जाता जाता म्हणून टाकलं, "रिटायर झालो की इथंच नदीकाठी घर बांधू."

रिटायर झालो आणि घर बांधलं गावात, भावकीत, रस्त्याच्या कडेला. तिला विचारलंसुद्धा नाही. मला वाटायचं, बाईमाणसाला काय, घर पक्कं असलं म्हणजे झालं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा असंच वाटायचं.

ती गावातल्याच शाळेत शिकवायची. गाव तिला 'बाई' म्हणतं आणि मला 'मेजर'. मी मेजर-बिजर कधीच नव्हतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. पण आमच्याकडं वर्दी उतरवून आलेला प्रत्येक गडी मेजरच असतो. शाळेच्या मागं, रस्त्याला लागून पंचायतीची एक मोकळी जागा होती. वरच्या आळीचं सगळं सांडपाणी तिथं येऊन साचायचं. डास, डुकरं, काळा चिखल. पोरं नाकाला रुमाल लावून पाढे म्हणायची.

एकदा ही कसल्याशा प्रशिक्षणाला सांगलीला गेली. तिथं विश्रामबागच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका बाईंनी तिला वसतिगृहाच्या मागं नेऊन दाखवलं: मोऱ्यांचं पाणी खडीच्या वाफ्यांतून, कर्दळीच्या आणि पाणकणसाच्या मुळांतून सोडलेलं, आणि शेवटी एक छोटं तळं. तळ्यावर बगळा उभा. मशीन नाही, लाइट नाही, काही नाही. घरी आली ती जेवायची शुद्ध नाही. "अहो, गटाराचं पाणी होतं हो ते! आणि त्यावर बगळा!" मी म्हणालो, "बगळ्याला काय कळतंय?" झालं, दोन दिवस मला फक्त आमटी-भात मिळाला.

मग तिनं पंचायतीची पाठ धरली. दोन वर्षं. अर्ज, चकरा, पुन्हा अर्ज. शेवटी झालं एकदाचं. आधी एक हौद, त्यात गाळ खाली बसायचा. मग खडी भरलेले दोन लांब वाफे, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. मग तळं, त्यात डासांची अंडी-अळ्या खायला सोडलेले गप्पी मासे. तिथून पुढं पाणी झाडांना. पिण्याचं नव्हे, हातपाय घालायचंही नव्हे, हे तिनं पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून लावलं.

वर्षभरात त्या जागेचं रूपच पालटलं. पोरांचा विज्ञानाचा तास तिथंच भरायला लागला. रोज दोन बाटल्या भरायच्या, एक हौदातली, एक तळ्यातली. मागं वर्तमानपत्र धरायचं आणि बाटलीतून अक्षर वाचता येतं का बघायचं. हौदातल्या बाटलीतून काही दिसायचं नाही. तळ्यातल्या बाटलीतून पोरं बातम्या मोठ्यानं वाचायची. संध्याकाळी बायका दळण टाकून तिकडं एक फेरी मारायच्या. म्हातारी माणसं पाराऐवजी तळ्याकाठी दगडांवर बसायला लागली. आणि शाळा सुटली की आमची बाई तिथं अर्धा तास एकटी बसून घरी यायची. मी कधी गेलो नाही. मला वेळ कुठं होता? म्हणजे वेळच वेळ होता, पण बसायला नव्हता.

पुढच्या जानेवारीत सरपंचाच्या डोक्यात आलं की रस्त्याकडेची जागा झाडांना देण्यापेक्षा वाफे बुजवून दुकानाचे गाळे काढावेत. सरपंच म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, मला तात्या म्हणतो. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत निर्णय होणार होता. बायको मे महिन्याअखेर निवृत्त होणार होती. ती शाळेत असतानाच हे पक्कं झालं नाही, तर नंतर कोण भांडणार होतं? तिचा सगळा जीव त्या सभेत अडकलेला. आणि नेमकं तेव्हाच तिला पाच दिवस प्रशिक्षणाला सांगलीला जावं लागलं. निघताना बजावून गेली, "तुम्ही काहीही करू नका. नुसतं लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवायला गेलो. आणि बघतो तर काय! कर्दळीची पानं पिवळी पडून लोंबतायत, पाणकणीस वाळून आडवं झालेलं, खडीवर बुळबुळीत काळपट थर. माझं डोकंच सणकलं. सभेला अख्खं गाव येणार, बघणार, आणि हे असं? ही बाई एवढी झटतेय आणि साधी साफसफाई कुणी करत नाही?

गावातल्या चार माजी सैनिकांना निरोप दिला. सकाळी सहाला पाचही जण फावडी घेऊन हजर. आमच्यात अशा कामाला फटीग म्हणतात, आणि फटीग म्हटलं की कुणी हयगय करत नाही. कर्दळ बुडातून छाटली. पाणकणीस मुळासकट उपटलं. खडी उलटीपालटी करून पंपानं धू धू धुतली, पांढरी शुभ्र होईपर्यंत. वास राहू नये म्हणून आडातल्या पाण्यात जंतू मारायला टाकतात ती टीसीएल पावडर आणली आणि अर्धं पोतं वाफ्यांवर पसरलं. आणि शेवटी, फौजी माणूस आहे म्हटल्यावर, कडेचे दगड एक सोडून एक गेरू आणि चुन्यानं रंगवले. लांबून बघितलं तर छावणीचं गेट वाटत होतं. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. बायको आली की खूश होईल, या विचारानं माझं मलाच भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सातवीतली वर्गप्रमुख पोरगी दारात. "मेजर आजोबा, मासं मेलं सगळं."

जाऊन बघितलं. तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि वास सुटला. आणि चौथ्या दिवशी, पंचवीस तारखेला संध्याकाळी, बायको एसटीतून उतरली ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून थेट तिकडं गेली. मी मागं. ती वाफ्यापाशी उभी राहिली. उपटलेल्या पाणकणसाचा ढीग बघितला, गेरू लावलेले दगड बघितले. मी आपला वाट बघतोय, आता भडकेल, आता भडकेल. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "किती चकचकीत केलंत हो." आणि घरी गेली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. वारं आमच्याच दिशेनं होतं. सरपंचानं माझ्याकडं बघत सुरुवात केली, "तात्या, तुमी घरचं म्हणून बोलत न्हवतो, पर लय वास मारतंय ओ." बायको उठली. हातात दोन बाटल्या. नियमाप्रमाणं तिनं सकाळीच भरून आणल्या होत्या, खोटं करायचा तिचा स्वभाव नाही. दोन्ही सारख्याच गढूळ. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, ह्यातली हौदातली कंची अन् तळ्यातली कंची?"

सगळी सभा हसली. ज्यांची पोरं तिच्या हाताखाली शिकली ती माणसंही हसली. ती म्हणाली, "थोडा बिघाड झालाय. तीन-चार महिने द्या." बिघाड कुणी केला, ते बोलली नाही. माझं नाव घेतलं नाही. मागून आणखी एक आवाज आला, "प्रयोग फेल गेला म्हणा की सरळ." तिनं दोन्ही बाटल्या पदराआड घेतल्या, ते मला पहिल्या ओळीतून दिसलं.

मी उठलो. गावात माझा शब्द म्हणजे शेवटचा, असा माझा रुबाब. आजवर कुणापुढं चुकलो म्हटलेलं नाही, बायकोपुढं तर नाहीच. म्हणालो, "प्रयोग फेल गेला नाही. चांगला चालला होता. मी मारला. बाई गावात नव्हत्या, त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, तरी मी झाडं उपटली, खडी धुतली, पावडर टाकली. चूक माझी आहे. हसायचं तर मला हसा."

मग एक म्हातारबा पुढं वाकून म्हणाला, "मेजर, दुश्मन दिसला व्हय तुमास्नी कर्दळीत?" आणि सभा पुन्हा हसली, पण या वेळी माझ्यावर. ते हसू मी ऐकून घेतलं. सरपंचानं थोडा विचार करून सांगितलं, "ठीक हाय. एक मेच्या सभेपर्यंत थांबू. तवा तळ्याच्या बाटलीतनं पेपर वाचता आला तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर गाळं."

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी तुमचं नाव घेतलं नव्हतं." मी म्हणालो, "म्हणूनच उठलो." ती आत निघून गेली. मला वाटलं होतं मिटलं असेल. कसलं मिटतंय!

तिनं विश्रामबागच्या प्राध्यापिका बाईंना फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. म्हणजे माझा गुन्हा मीच कबूल करायचा. मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "काका, तो बुळबुळीत थर घाण नव्हती हो. तो थरच तर काम करत होता." त्या थरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात, आणि झाडांच्या मुळांच्या आसऱ्यानं राहतात. थंडीत झाडं अशी पिवळी पडतातच; वाळलेलं पाणकणीस कापायचं असतं, पण वरच्या वर, मुळाला धक्का न लावता. फोन ठेवल्यावर बायको भिंतीकडं बघत म्हणाली, "नुसतं दूध ठेवून दही लागतं का? विरजण आणा."

तर मी विरजण आणायला सांगलीला गेलो. आधी आठवडाभर वाफ्यांतून साधं पाणी सोडून पावडर धुऊन काढली होती. वसतिगृहामागच्या वाफ्यातून दोन पोती बुळबुळीत खडी भरली, कर्दळीचे कंद आणि पाणकणसाची मुळं वेगळ्या पिशवीत घेतली. एसटीच्या दारात कंडक्टरबाईंनी अडवलं.

"ओ काका, पोत्यात काय हाय?"

"विरजण."

"कशाचं?"

"खडीचं."

त्यांनी मला वरून खाली बघितलं. "घरचं कुणी बरोबर न्हाई व्हय?" शेवटी पोती मागच्या डिकीत गेली. मी आत बसलो, पण माझ्या पँटला जो वास होता तो होताच. शेजारचा माणूस तासगावपर्यंत सोसत बसला, मग उठून उभा राहिला. मला दोन सीट मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी पोरांनी ती खडी ओंजळभर ओंजळभर वाफ्यांत पुरली, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून. मी फावडं उचललं तर ती वर्गप्रमुख पोरगी आडवी आली. "आजोबा, तुमी न्हाई. तुमी फकस्त बसायचं. रोज अर्धा तास. हात लावायचा न्हाई, आन् काय दिसलं ते ह्या वहीत लिवायचं." मी म्हणालो, "हा कुणाचा हुकूम?" ती म्हणाली, "बाईंचा."

मी आयुष्यात बर्फात पहारे दिलेत. पण त्या दगडावर काहीही न करता अर्धा तास बसणं, बाप रे! पहिल्या दिवशी वहीत लिहिलं: 'काही नाही.' रात्री वही टेबलावर ठेवली, सकाळी बघतो तर खाली लाल शाईत: 'नीट बघा.' दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: 'काही नाही. डास.' लाल शाई: 'किती? पाण्याचा रंग? वास कसला?' घरात ती माझ्याशी भाजी काय आणायची याच्यापलीकडं बोलत नव्हती. जे बोलणं होतं ते वहीत. आणि शाळा सुटली की तळ्याकडं न वळता मागच्या बोळानं घरी यायची. सव्वीस तारखेपासून ती तिथं एकदाही बसली नव्हती. पोरांना घेऊन जायची, शिकवायची, पण बसायची नाही. मला वाफ्यापेक्षा तेच जास्त लागत होतं.

फेब्रुवारी संपता संपता मला दिसायला लागलं. कर्दळीचे कोंब गुंडाळी केलेल्या कागदासारखे वर आले. हौदाजवळ वास असायचा, पण वाफ्याच्या शेवटाला कमी. मार्चमध्ये खडीवर हात फिरवला (चोरून, पोरगी नसताना) आणि बोटाला बुळबुळीत लागलं. मला एवढा आनंद झाला की काय सांगू! ज्या घाणीवर मी पंप मारला होता, तीच बोटाला लागली म्हणून मी हसत बसलो होतो. त्या दिवशी वहीत अर्धं पान लिहिलं. लाल शाई: 'हात का लावलात?' पण पुढं एक बरोबरची खूणही होती.

मग गप्पी पुन्हा सोडले. एप्रिलमध्ये एक खंड्या यायला लागला, रोज सहाच्या आसपास, त्याच वाकड्या फांदीवर. नुसता बसून राहायचा, मान खाली घालून पाण्यात बघत. मी त्याच्याकडं बघायचो. एकदा उठलो तेव्हा तास होऊन गेला होता आणि मी घड्याळ बघितलंच नव्हतं. तेव्हा मला वाईचा घाट आठवला. तिथं करायचं काय असतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. काही नसतं करायचं. आणि त्या दहा मिनिटांत मी तिला उठवली होती. मला फार वाईट वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी आलं. ते मी वहीत लिहिलं नाही.

एक मेला सभा भरली. सुट्टी असूनही झाडून सगळी पोरं आली होती. बाईंनी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, मागं पेपर धरला. सरपंच वाकला, डोळे बारीक केले, म्हणाला, "न्हाई दिसत." तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "सरपंचकाका, ती हौदातली हाय. पल्याडची बघा." मग त्यानं पलीकडची घेतली आणि उसाच्या दराची बातमी मोठ्यानं वाचायला लागला, आणि वाचतच सुटला. म्हातारबा ओरडला, "बास की आता, पेपर वाचाया बसलाय व्हय?" गाळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

महिनाअखेरीस ती निवृत्त झाली. शाल, नारळ, भाषणं, पोरांची रडारड. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेत ओट्यावर बसली होती. आता शाळा नव्हती, म्हणजे तिकडं जायला कारणही नव्हतं. मी बराच वेळ घुटमळलो. मग म्हणालो, "तुला एक विचारायचं होतं."

तिनं कप खाली ठेवला. "विचारायचं? तुम्हाला?"

"तळ्याकाठी पायऱ्या टाकू का? दगडाच्या. तीन. तू सांगशील तिथं. नको म्हणालीस तर नाही टाकणार."

ती माझ्याकडं बघत राहिली, गेरू लावलेल्या दगडांकडं बघितलं होतं त्याहून जास्त वेळ. मग म्हणाली, "दोन पुरेत. आणि चुना लावायचा नाही."

आठ दिवसांत पायऱ्या झाल्या. संध्याकाळी ती आली. वरच्या पायरीवर बसली, पाय आखडून, कारण पाण्यात पाय घालायचे नाहीत हा तिचाच नियम. मी शेजारी बसलो. खंड्या फांदीवर आला, सूर मारला, चुकला, परत जाऊन बसला. बायका फेरी मारून घरी गेल्या. मी मनगटाकडं बघितलं, जुनी खोड, आणि तिनं ते बघितलं.

"म्हणा की," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."

मी घड्याळ काढून खिशात घातलं. म्हणालो, "उशीर झालाच आहे. बस अजून."